स्वस्त इलेक्ट्रिक बेस: घेताना काय पाहावं, घरी काय बदलावं (खानदेशातल्यांसाठी)

चोपडा_चारतार

राम राम मंडळी. आमच्या अहिराणी गाण्यांच्या ग्रुपसाठी चार तारांचा इलेक्ट्रिक बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, घ्यायचा आहे. बजेट सगळं मिळून पंधरा हजार. ॲम्प्लिफायर सध्या नको, मंडपात मिक्सर असतोच. गिटार वाजवता येते, डाख द्यायला येतो, मल्टिमीटर आहे. प्रश्न तीन:

१. नवीन स्वस्त घ्यावा की जुना चांगला?
२. पिकअप (तारांची थरथर टिपणारा चुंबक-कॉइलचा भाग) बदलून आवाज सुधारतो असं सगळे म्हणतात, मग त्यासाठी पैसे आधीच बाजूला ठेवू का?
३. आपल्याकडच्या उन्हाळ्यात नेक (बेसचा दांडा) वाकतो म्हणतात. त्यावर उपाय काय?

तापीकाठ

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पैसे तिथेच वाया जातात. भो, पिकअपले आते हात लावू नको. दहा हजारांच्या बेसमध्ये आवाज बिघडवणाऱ्या गोष्टी क्रमाने अशा: मेलेल्या तारा, चुकीचा सेटअप (नेकचा बाक, तारांची उंची वगैरेची जुळवणी), नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा, ढिला जॅक (केबल घालायचं भोक), मग पॉट (नॉबखालचा बदलता रोध), आणि सगळ्यात शेवटी पिकअप. पहिल्या दोन दुरुस्त केल्यावर निम्म्याहून जास्त लोकांना पिकअप बदलायची गरज वाटत नाही.

पंधरा हजारांची वाटणी माझ्या मते अशी: वाद्य दहा ते अकरा हजार, तारांचा चांगला सेट दीड ते दोन हजार, अवजारं हजारभर, उरलेल्यात पट्टा, केबल आणि डीआय बॉक्स (बेस मिक्सरला जुळवून देणारा डबा).

नवीन की जुना? आपल्या दुकानांतून भारतीय ब्रँडच्या नावाने येणारे बेस साधारण दहा-बारा हजारांत मिळतात. यामाहाचा टीआरबीएक्स१७४, आयबानेझचा जीएसआर२००, स्क्वायरचा ॲफिनिटी हे नवीन घ्यायचे तर बजेट ओलांडतं, पण ऑर्केस्ट्रावाल्यांकडून जुने निघतात. हातात घेऊन तपासता येत असेल तर जुना यामाहा किंवा आयबानेझ घ्या. फोटोवरून घ्यायचा असेल तर नवीनच बरा, परत तरी करता येतो.

एक फरक लक्षात ठेवा. टीआरबीएक्स१७४ पॅसिव्ह आहे, बॅटरी लागत नाही. जीएसआर२०० मध्ये बेस वाढवणारं सर्किट आहे, त्याला ९ व्होल्टची बॅटरी लागते. गावोगाव कार्यक्रम असतील तर पॅसिव्ह निश्चिंत.

खालचा_सूर

तापीकाठ यांच्याशी सहमत. जुना बेस तपासायची रीत लिहिते, दुकानात पंधरा मिनिटं लागतात.

आधी बेस सुरात लावून घ्या: जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी. सैल तारांवर नेक तपासण्यात अर्थ नाही. मग हेडच्या (खुंट्या असलेल्या टोकाच्या) बाजूने एक डोळा मिटून नेकच्या दोन्ही कडांकडे पाहा. दोन्ही कडा सारख्या वाकलेल्या असतील तर ट्रस रॉडने (नेकच्या आतली सळई, ती फिरवून बाक बदलतो) सरळ होतं. एक कड वर आणि एक खाली असेल तर नेकला पीळ आहे. तो बेस फुकट दिला तरी घेऊ नका.

ट्रस रॉडचं झाकण काढायला लावा. एलन कीची खाच गोल झालेली असेल तर सोडून द्या. खाच चांगली असेल तर विकणाऱ्याच्या परवानगीने किंचित, अगदी एक अष्टमांश फेरा फिरवून पाहा. दोन्ही बाजूंना रोध जाणवला पाहिजे. रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल तर पुढे वाव राहत नाही.

मग प्रत्येक तारेवर पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) शेवटच्या फ्रेटपर्यंत एकेक सूर वाजवा. एकाच ठिकाणी झणझणत असेल तर एखादा फ्रेट उचललेला आहे, ते दुरुस्त होतं. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझतो, तो बहुतेक बोल्ट-ऑन (नेक स्क्रूने जोडलेल्या) बेसमध्ये थोडाफार असतोच. त्याला उपाय नाही आणि मंडपात तो कळतही नाही.

शेवटी बेसच्या अंगात नेक बसतो त्या खोबणीच्या कोपऱ्यात भेग आहे का ते पाहा. रंगाला गेलेली केसासारखी रेघ चालते, लाकडात गेलेली भेग चालत नाही.

हात लहान असतील किंवा मुलांसाठी घ्यायचा असेल तर आखूड स्केल (तारेची वाजणारी लांबी) पाहा. नेहमीचं स्केल ३४ इंच म्हणजे ८६४ मिमी. स्क्वायरचा ब्रॉन्को ३० इंची आहे. त्यावर ई तार थोडी सैल आणि गोल वाजते, पण बोटं कमी ताणावी लागतात.

अप्पा_सोल्डर

पिकअपबद्दल तापीकाठ थोडं जास्तच ठाम बोलले. सेटअप आधी हे मान्य, पण विकत घेण्याआधी पिकअप मोजायलाच हवा, आणि त्याला मल्टिमीटर पुरतो. केबल जॅकमध्ये घाला, सगळे नॉब पूर्ण उघडा, केबलच्या दुसऱ्या टोकाला टिप (पिनचं टोक) आणि स्लीव्ह (पिनचा मागचा भाग) यांमध्ये ओहम मोजा. हे फक्त पॅसिव्ह बेसवर चालतं. प्रिसिजन पद्धतीचा दोन तुकड्यांचा पिकअप एकटा असेल तर साधारण १० ते १२ किलोओहम दाखवतो, जॅझ पद्धतीचा एकेक सात-आठ किलोओहम (प्रिसिजन आणि जॅझ ही फेंडरच्या दोन बेसची नावं). पॉट समांतर जोडलेला असल्याने आकडा थोडा कमी दिसतो, ते ठीक. दोन पिकअप दोन्ही उघडे असतील तर ते एकमेकांना समांतर येतात, म्हणून आकडा आणखी खाली जातो. एकेक मोजायचा तर आत तार सोडवावी लागते.

प्रिसिजनचे दोन तुकडे एकामागे एक जोडलेले असतात. एकाची तार तुटली की चारही तारा मुक्या होतात. नुसती ई-ए किंवा नुसती डी-जी कमी ऐकू येत असेल तर पिकअप मेलेला नाही, त्या तुकड्याची उंची चुकलेली आहे. स्क्रू ड्रायव्हरचं काम, पाच मिनिटांचं.

सातपुडा

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. तो खानदेशाचा खास आहे आणि बाहेरच्या मार्गदर्शनात सापडत नाही.

भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवा पार कोरडी असते. लाकूड आडवं आकसतं. नेकच्या लांबीत फार फरक पडत नाही, पण फिंगरबोर्डची (फ्रेट बसवलेल्या फळीची) रुंदी कमी होते आणि फ्रेट धातूचे असल्याने तेवढेच राहतात. त्यांची टोकं बाहेर येतात आणि हात सरकवताना टोचतात. मग पाऊस आला की लाकूड फुगतं आणि टोकं पुन्हा आत गेल्यासारखी वाटतात.

म्हणून फ्रेटची टोकं घासायचं काम आपल्याकडे मे महिन्यातच करावं. लाकूड सगळ्यात जास्त आकसलेलं असताना घासलेली टोकं नंतर कधी टोचत नाहीत. पावसाळ्यात घासली तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच काम.

आता कूलर. घरातला कूलर हा बेसचा खरा शत्रू. बाहेर कोरडी हवा आणि खोलीत वाळ्याच्या ताट्यांतून आलेली ओली हवा, दिवसातून दोन-चार वेळा हा बदल होतो. बेस कूलरच्या झोतात तर नकोच, त्या खोलीत उघड्यावरही नको. बॅगेत, आतल्या भिंतीला टेकून, खिडकीपासून लांब ठेवा. बाहेरच्या पश्चिमेकडच्या भिंतीला टेकवू नका, ती भिंत रात्री उशिरापर्यंत गरम असते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत बेस ठेवू नका, लाकडाचे जोड धरून ठेवणारा गोंद तिथे मऊ पडू शकतो.

नेक नेमका कोणत्या बाजूला वाकेल ते लाकडावर आणि त्याच्या कापावर अवलंबून असतं. एकाचा उन्हाळ्यात पुढे वाकतो, दुसऱ्याचा मागे. अंदाज नको, मोजा. होळीनंतर एकदा, रोहिणी-मृगाच्या पावसानंतर एकदा, दिवाळीनंतर एकदा मोजलं की वर्ष निभावतं.

फिंगरबोर्डला खोबरेल, तीळ, मोहरी कोणतंही खाण्याचं तेल लावू नका, ते चिकट होऊन वास मारतं. रोझवूडसारख्या उघड्या लाकडाला मिनरल ऑइलचे चार थेंब फडक्यावर घेऊन, वर्षातून दोनदा. लॅकर मारलेल्या मेपलला काहीच नको.

चोपडा_चारतार

सगळ्यांचे आभार. दुकानातून नवीन प्रिसिजन-जॅझ जोडीचा पॅसिव्ह बेस घेतला, ३४ इंची, दोन व्हॉल्यूम आणि एक टोन. साडेदहा हजार. मोजमापं अशी:

बाराव्या फ्रेटवर उंची: ई तार ३.८ मिमी, जी तार ३.२ मिमी.
पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून आठव्यावर फट: ०.८ मिमी.
ब्रिजवरचे (तारांचं खालचं टोक धरणाऱ्या भागावरचे) सॅडल, म्हणजे तारा टेकतात ते तुकडे: जवळजवळ तळाला टेकलेले.
आवाज: जॅझ पिकअपवर गुणगुण. तारेला हात लावला की कमी होते.
आणि एक विचित्र प्रकार: एक व्हॉल्यूम शून्यावर नेला की दुसरा पिकअपही बंद पडतो.

आता क्रम सांगा.

तापीकाठ

मोजमापं दिलीत हे उत्तम केलंत, आता नेमकं बोलता येईल.

आधी नव्या तारा घाला. ०.०४५, ०.०६५, ०.०८५, ०.१०५ हा नेहमीचा सेट, निकेल राउंडवाउंड. एकेक तार बदला, सगळ्या एकदम काढू नका. तार खुंटीच्या पुढे साधारण दहा सेंटिमीटर ठेवा, तिथे काटकोनात वाकवा आणि मगच कापा. न वाकवता कापलं तर वरचं वेष्टण आतल्या गाभ्यावर सरकतं आणि तार मुकी होते. खुंटीवर दोन ते तीन वेढे, वरून खाली उतरत जाणारे.

मग ट्रस रॉड. ०.८ मिमी म्हणजे नेक फार पुढे वाकलेला आहे, ०.३ मिमी हवा. फीलर गेज मोटारसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं, टॅपेट सेटिंगला वापरतात तेच. एलन की आधी नीट जुळवून पाहा. ५ मिमी आणि ३/१६ इंच (४.७६ मिमी) यांत थोडाच फरक आहे, पण त्याच फरकाने खाच गोल होते. की सैल हलत असेल तर जोर लावू नका, योग्य मापाची आणा.

तारा थोड्या सैल करा, घड्याळाच्या दिशेने पाव फेरा आवळा, पुन्हा सुरात लावा, मोजा. दिवसाला पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. लाकूड सावकाश बसतं, दुसऱ्या दिवशी आकडा थोडा बदललेला दिसतो. पाव फेऱ्याला करकर आवाज येऊन रोध एकदम वाढला तर थांबा.

रिलीफ (आठव्या फ्रेटवरची ही फट) ०.३ वर आला की ई तारेची उंची पुन्हा मोजून इथे लिहा. त्याआधी सॅडलला हात लावू नका.

धुळे_वायरिंग

व्हॉल्यूमचा प्रकार विचित्र नाही, जोडणीचा आहे. तुमच्या बेसमध्ये पिकअपची तार पॉटच्या कडेच्या पायाला आणि जॅककडे जाणारी तार मधल्या पायाला आहे. नॉब शून्यावर गेला की मधला पाय ग्राउंडला टेकतो, आणि दोन्ही पॉटचे मधले पाय एकत्र असल्याने दुसरा पिकअपही ग्राउंड होतो. जॅझ बेसची नेहमीची जोडणी उलटी असते: पिकअप मधल्या पायाला, आउटपुट कडेच्या पायाला. दोन्ही पॉटवर या दोन तारांची अदलाबदल करा. सुटा भाग एकही लागत नाही.

उघडलंच आहे तर पॉटही पाहून घ्या. स्वस्त बेसमध्ये १६ मिमीचे छोटे पॉट असतात, भोक ७ मिमी. मोठे २४ मिमीचे परदेशी पॉट आणले तर भोक ९.५ मिमी लागतं. मग ड्रिल मारताना रंग उडतो आणि खाचेत जागाही पुरत नाही. छोटेच चांगल्या दर्जाचे घ्या. मूल्य २५० के हवं. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात २५० के मागितलं तर नाही म्हणतील, २२० के मिळेल. तेच घ्या. पॉटमध्ये वीस टक्के इकडेतिकडे असतंच, कानाला फरक कळत नाही. 'ए' म्हणजे लॉग, 'बी' म्हणजे लिनियर. टोनला 'ए' हवा. व्हॉल्यूमला दोन्ही चालतात, पण 'बी' घेतला तर सगळा बदल नॉबच्या शून्याकडच्या टोकाला जमा होतो.

टोनचा कॅपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरड, वर ४७३ छापलेलं असतं. साधा पॉलिएस्टर, दोन-चार रुपयांचा. ऑइल पेपरचे पाचशे रुपयांचे कॅपॅसिटर विकतात, ते घेऊ नका. मूल्य तेच असेल तर आवाज तोच.

अप्पा_सोल्डर

वायरिंगशी सहमत. डाखाबद्दल जोडतो. पॉटच्या पाठीवर ग्राउंड देताना २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न कमी पडतं. पाठ उष्णता ओढून घेते, डाख गोळा होऊन बसतो, धरत नाही. मग माणूस आयर्न तिथेच धरून ठेवतो आणि आतला कार्बनचा पट्टा जळतो. ५० ते ६० वॉटचं आयर्न घ्या, पाठ आधी बारीक पॉलिश पेपरने खरवडा, रोझिन फ्लक्स लावा, तीन सेकंदांत काम झालं पाहिजे. नळाच्या किंवा पत्र्याच्या कामाचं ॲसिड फ्लक्स चुकूनही नको, तारा हिरव्या पडतात. डाख ६०/४०, ०.८ मिमी.

जॅकही पाहा. नळीसारखा बंद जॅक असेल तर काढून उघडा मोनो जॅक लावा. त्याची पाती बोटाने वाकवून घट्ट करता येते. ज्यांच्याकडे बॅटरीवाला बेस आहे त्यांनी मात्र मोनो लावू नये. तिथे स्टीरिओ जॅक असतो, त्याची मधली रिंग बॅटरी चालू-बंद करते. मोनो लावला तर सर्किट चालूच होत नाही, किंवा रिंगची तार ग्राउंडला जोडलीत तर बॅटरी रात्रंदिवस चालू राहून संपते.

आता गुणगुण. तारेला हात लावल्यावर कमी होते म्हणजे ब्रिजची ग्राउंड तार शाबूत आहे. हात लावल्यावर वाढली असती तर जॅकवर उलटी जोडणी. तुमच्याकडे जॅझ पिकअप एकेरी कॉइलचा आहे, तो गुणगुणणारच. खऱ्या जॅझ बेसमध्ये दोन्ही पिकअप एकमेकांच्या उलटे गुंडाळलेले असतात, दोन्ही पूर्ण उघडले की गुणगुण कटते. प्रिसिजन-जॅझ जोडीत तसं होत नाही, कारण प्रिसिजनचे दोन तुकडे आपापसातच ती कापतात आणि जॅझची तशीच उरते. उपाय शिल्डिंग. पॉटच्या खाचेला आणि पिकअपच्या खाचेला आतून तांब्याची चिकट पट्टी लावा, प्रत्येक तुकड्याच्या जोडावर डाखाचा एक थेंब, आणि एक तार ग्राउंडला. मल्टिमीटरने ब्रिज ते जॅकची स्लीव्ह मोजा, एक ओहमच्या आत आलं पाहिजे. शिल्डिंग झाल्यावर जॅकची टिप पट्टीला टेकत नाही ना ते केबल घालून पाहा. केबल घातल्यावरच टिप पुढे सरकते आणि बेस मुका होतो.

स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल वापरू नका, तिला डाख धरत नाही.

सातपुडा

अप्पा, गुणगुणीचं अर्धं कारण बेसच्या बाहेर असतं. खेड्यात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, काळी जमीन तडकते आणि अर्थचा रोध वाढतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ मोजा, दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास. फेज-अर्थ शंभर-दीडशेच दाखवत असेल तर अर्थ नावालाच आहे. वायरमनला सांगून खड्ड्यात मीठ, कोळसा आणि भरपूर पाणी घालायला लावा. हे नुसतं आवाजापुरतं नाही. माइक आणि बेस वेगवेगळ्या अर्थवर असतील तर माइकला ओठ लागल्यावर झटका बसतो. मंडपात जनरेटरवर असाल तर अर्थची सळई खरंच जमिनीत ठोकलेली आहे का, ते स्वतः पाहा.

भारनियमनात घरच्या इन्व्हर्टरवर सराव करताना जी घरघर येते ती इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीची असते. तिच्यासाठी बेस उघडू नका.

चोपडा_चारतार

पॉटवरच्या तारांची अदलाबदल केली, दोन्ही व्हॉल्यूम आता स्वतंत्र चालतात. शिल्डिंगने गुणगुण बरीच कमी झाली. रिलीफ ०.३ वर आला. ई तार आता ३.४ मिमी, जी तार २.८ मिमी. सॅडल तळाला. अजून खूप उंच वाटतं.

नेकजोड

इथून काम नेकच्या सांध्याचं आहे. ई तारेला २.६ आणि जी तारेला २.० मिमी हे बाराव्या फ्रेटवर चांगलं माप. तुम्हाला ०.८ मिमी उतरवायचं आहे आणि सॅडलला वाव नाही, तेव्हा नेकखाली पाचर घालावी लागेल.

हिशोब मांडतो. खोबणी साधारण ७५ मिमी लांब असते. ब्रिजकडच्या टोकाला जेवढ्या जाडीची पाचर घालाल त्याच्या सव्वादोन पट तार बाराव्या फ्रेटवर खाली येते. म्हणजे ०.३५ मिमीच्या पाचरीने ०.८ मिमी. व्हिजिटिंग कार्डाची जाडी साधारण ०.३ ते ०.३५ मिमी भरते, फीलर गेजच्या पात्याशी ताडून पाहा. अर्धा मिमी घातलात तर सॅडल पुन्हा वर उचलावे लागतील.

कृती: तारा सैल करा, पण काढू नका. बाराव्या फ्रेटजवळ चिकटपट्टीने एकत्र बांधा. बेस पालथा घाला, नेकचे चार स्क्रू काढा. कार्डाची बारा मिमी रुंद पट्टी कापून खोबणीच्या ब्रिजकडच्या कडेला ठेवा, स्क्रूच्या भोकांपलीकडे. पट्टी हेडकडच्या कडेला ठेवलीत तर परिणाम बरोबर उलटा होतो, तारा आणखी वर जातात. मग नेक बसवा. स्क्रू आवळण्याआधी प्रत्येक स्क्रू उलटा फिरवा, आटा खाली बसल्याची टिक जाणवली की मगच सुलटा. नाहीतर लाकडात नवे आटे पडतात आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी स्क्रू धरत नाही. कोपऱ्यांत तिरके, आळीपाळीने आवळा.

खालचा_सूर

अर्ध्या खोबणीत पट्टी घालायला माझा आक्षेप आहे. मध्ये पोकळी राहते, आणि काही वर्षांनी नेकचं टोक त्या पोकळीवर वाकून शेवटचे फ्रेट उचलले जातात. उताराची लाकडी पाचर पूर्ण खोबणीभर बसवावी. सुताराकडे सागवानाचा व्हिनियर मिळतो, पॉलिश पेपरवर घासून एका टोकाला ०.३५ आणि दुसऱ्या टोकाला शून्य करता येतो.

नेकजोड

आक्षेप योग्य आहे, कायमचं करायचं तर तुमचीच रीत. आधी कार्डाने माप पक्कं करा, आठवडाभर वाजवा, उंची बरोबर वाटली की त्याच जाडीची लाकडी पाचर घाला. उलट क्रमाने गेलात तर चुकीच्या मापाची पाचर घासत बसाल.

आता नट. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट पाहा. ०.२ ते ०.३ मिमी हवी. जास्त असेल तर मोकळी तार सुरात आणि पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवरचा सूर चढा येतो, शिवाय बोटं दुखतात. स्वस्त बेसवर हे जवळजवळ नेहमीच असतं. नटच्या खास कानशी महाग आहेत. जळगावच्या सराफ बाजारात सोनारी अवजारं मिळतात, तिथल्या बारीक गोल कानशींचा सेट घ्या. ई तारेची जाडी २.६७ मिमी, ए २.१६, डी १.६५, जी १.१४. खाच तारेपेक्षा किंचित रुंद असावी. कानस हेडच्या बाजूला थोडी उतरती धरा, म्हणजे तार फिंगरबोर्डकडच्या कडेवरच टेकते. मागच्या कडेवर टेकली तर मोकळी तार सतारीसारखी झणझणते. चार घास मारा, तार बसवा, मोजा, परत चार घास. जास्त गेलंच तर खाचेत खाण्याचा सोडा भरून त्यावर सुपरग्लूचा थेंब टाका, दगडासारखं होतं, मग पुन्हा खाच पाडा.

तापीकाठ

नट झाल्यावर सॅडल. उंची पुन्हा मोजून सॅडलच्या छोट्या १.५ मिमी एलन कीने बारीक फरक करा. मग इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं): बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. ई तारेचं सॅडल सगळ्यात मागे आणि जीचं सगळ्यात पुढे, अशी साधारण तिरकी रांग दिसली की बरोबर. सॅडल सरकवताना तार आधी सैल करा.

शेवटी पिकअपची उंची. शेवटचा फ्रेट दाबून ई तार ते पिकअप ३ मिमी, जी तार २.४ मिमी इथून सुरुवात करा. जास्त जवळ नेलं तर चुंबक तारेला ओढतो, वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो आणि इंटोनेशन कधीच जुळत नाही. दोन्ही पिकअप उघडल्यावर आवाज पातळ आणि नाकात बोलल्यासारखा येत असेल तर ते एकमेकांच्या उलट्या फेजमध्ये आहेत. जॅझ पिकअपच्या दोन तारा एकमेकींच्या जागी डाखा.

चोपडा_चारतार

पाचर, नट, सॅडल सगळं झालं. ई २.६, जी २.०, कुठेही झणझण नाही. आता तो खरंच वाजवावासा वाटतो. दोन शंका. गाण्यात ढोल आणि की-बोर्डचा डावा हात दोन्ही असतात, बेस त्यात हरवतो. आणि मिक्सरच्या माइक इनपुटला थेट लावला तर आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो.

खालचा_सूर

दुसरी शंका आधी. माइक इनपुटचा रोध काही किलोओहमच असतो, पॅसिव्ह बेसला जवळपास एक मेगओहम लागतो. कमी रोधावर पिकअपचा वरचा आवाज मरतो. मध्ये डीआय बॉक्स लावा. ॲक्टिव्ह डीआय असेल तर मिक्सरवर फँटम पॉवर (माइकच्या केबलमधून जाणारी वीज) चालू करा किंवा त्यात बॅटरी घाला.

हरवण्याबद्दल. मोकळ्या ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झ आहे, मंडपातले स्पीकर तो धड वाजवतच नाहीत. ऐकू येतो तो ८२ हर्ट्झचा दुसरा हार्मोनिक. तेव्हा मिक्सरवर लो वाढवून उपयोग नाही, उलट सगळं धूसर होतं. ५० च्या खालचं कापा, ७०० ते ८०० हर्ट्झजवळ थोडं वाढवा, बोटांचा टपोरा आवाज पुढे येतो. प्रिसिजन पिकअप पूर्ण, जॅझ निम्मा. आणि की-बोर्डवाल्या दादांना सांगून डाव्या हाताचे खालचे सूर सोडायला लावा. एका जागी दोघे बसले तर कुठल्याच नॉबने सुटत नाही.

एक स्वस्त बदल सुचवते. ब्रिजजवळ तारांखाली गादीच्या फोमची साधारण दीड सेंटिमीटर जाड पट्टी दाबून बसवा. सूर छोटा आणि भरीव होतो, ढोलाच्या थापेत बसतो. जुन्या प्रिसिजन बेसच्या ब्रिजच्या झाकणात असा फोम कारखान्यातूनच यायचा. पट्टी तारांना जेमतेम टेकावी. जास्त दाबली तर सूर चढतो, म्हणून ट्यूनर पुन्हा पाहा.

फ्लॅटवाउंड (चपट्या वेष्टणाच्या) तारा पुढे कधीतरी. त्या महाग आहेत आणि बहुतेक सेटचा ताण जास्त असतो, ट्रस रॉड आणि नटच्या खाचा पुन्हा पाहाव्या लागतील.

अप्पा_सोल्डर

पट्ट्याची बटणं पाहून घ्या. नव्या स्वस्त बेसवर त्यांचे स्क्रू आखूड असतात. फिरत राहत असेल तर भोकात बांबूची काडी फेविकॉल लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, कापून सपाट करा, मग लांब स्क्रू घाला. पट्टा सुती आणि रुंद घ्या, नायलॉनचा घसरतो आणि हेड खाली जातं.

चोपडा_चारतार

शेवटचं. आता बाहेर कडक ऊन आहे. पाऊस सुरू झाला की लगेच ट्रस रॉड फिरवू का?

सातपुडा

लगेच नाही. पहिल्या दोन-चार पावसांत हवा रोज बदलते, त्या पाठोपाठ रॉड फिरवत बसू नका. पाऊस लागून राहिल्यावर आठ-दहा दिवस जाऊ द्या, मग मोजा. ०.२ ते ०.४ मध्ये असेल तर तसाच राहू द्या. बाहेर गेला तर एक अष्टमांश फेरा, दुसऱ्या दिवशी परत मोजा. आणि आजचे आकडे पॉटच्या झाकणाच्या आत कागदावर लिहून चिकटवून ठेवा, पुढच्या वेळी ताडायला लागतील.